पोपची हद्द आणि उंबराचं पाणी

घरातली पहिली पदवीधर मी. बोरिवलीच्या कॉलेजात तासांवर इतिहास शिकवायला मिळाला, याचंच मला अप्रूप होतं. पहिल्याच महिन्यात प्राचार्या म्हणाल्या, "सोमवारी मी वर्गात मागे बसते. मग ठरवू, तुम्हाला ठेवायचं की नाही."

सोमवारचा धडा होता, फ्रान्सच्या चर्चवर पोपची सत्ता कुठपर्यंत. पुस्तक सांगत होतं, श्रद्धेच्या बाबतीत पोप मोठा, पण फ्रान्सच्या चर्चच्या जुन्या चालीरीतींना त्याने हात लावायचा नाही. मी ते सात वेळा वाचलं. पाठ झालं, कळलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावात मी ख्रिस्ती माणूसच पाहिला नव्हता. एखाद्याला एवढं मानायचं आणि त्याचं ऐकायचंही नाही, हे जमतं कसं?

मी गावठाणात एका ख्रिस्ती आंटींकडे राहायचे. मूळच्या इथल्याच, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात लग्नाआधी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. शनिवारी चर्चचे नवे फादर समजवायला आले.

"आंटी, बँड, विहीर कशाला? पाणी मी चर्चमध्येच आशीर्वाद देऊन देतो."

आंटींनी आधी त्यांच्या हाताचा मुका घेतला, पोपच्या फोटोखालची चांगली खुर्ची दिली, पुढे केक ठेवला. मग म्हणाल्या, "आशीर्वाद तुमचा, फादर. त्यात मी तोंड घालते का? मग पाणी कुठनं आणायचं, त्यात तुम्ही पडू नका."

"बिशपना विचारू का?"

"विचारा ना. पोपना पण विचारा. आले तर पहिल्या पंगतीला बसवीन. पण त्यांनी कधी पोरगी उजवलीय का?"

फादरांनी केक संपवला. मी आत जाऊन वही उघडली.

सोमवारी नाव न घेता मी हे सगळं वर्गात सांगितलं. पोरं खिदळत होती. एक म्हणाला, "मॅडम, म्हणजे फ्रान्सवाले पोपला खुर्ची देणार, विहीर नाही ना?" मला इतका आनंद झाला, की मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खुर्ची पोपची, विहीर फ्रान्सची.' मागच्या बाकाकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

तास संपल्यावर प्राचार्या पुढे आल्या. "उद्यापासून दुसऱ्या तुकडीलाही तुम्हीच शिकवा," त्या म्हणाल्या. "पण आधी तो फळा पुसा. पोरं परीक्षेत विहीर लिहून ठेवतील."

मी घाईने फळा पुसला. तोवर अख्ख्या वर्गाने ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या.