पडलीस तर माझ्यावर पड

"पडलीस तर माझ्यावर पड," असं आमच्या बाई मला रोज सांगायच्या, आणि त्यांचा देह पाहता त्यात काही गैर नव्हतं. परभणीच्या कॉलेजात त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. जिना उतरताना माझ्यापुढं, एक पायरी खाली, पाठ माझ्याकडं करून चालायच्या. "माझ्या अंबाड्याकडं बघ. खाली बघू नको." माझा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, त्याला कॅलिपर, हातात काठी. म्हणून भाच्या-पुतण्यांना मी सांगते, की मी बी.ए. केलं ते भूगोलात कमी आणि बाईंच्या अंबाड्यात जास्त.

मी मूळचीच भित्री. पाल दिसल्यावर पळता येत नसलेल्या माणसाला जितकं भिता येतं, तितकं भ्यायचे. पण जिन्याची भीती वेगळी होती. वर्ग वरच्या मजल्यावर, कठडा एकाच बाजूला, आणि तोही हलणारा. कॉलेज सुरू होतंय तोच मी घसरले आणि हनुवटीला टाके पडले. वालूरहून माझे वडील, दादा, आले. "लय झालं शिक्षण. आता अजून एकदा पडली की सामान बांधायचं," म्हणाले. दादा शब्दाचे पक्के. तेव्हापासून प्रत्येक पायरीवर मला वालूरचं आमचं माजघर दिसायचं, आणि माझ्यासाठी निवडायला ठेवलेली तूर.

खालची एक खोली मिळावी म्हणून बाई प्राचार्यांकडं सारख्या जायच्या. त्या खोलीत फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले फुटबॉल होते. "एका पोरीसाठी अख्खा वर्ग हलवायचा का, मॅडम?" असं प्राचार्य विचारायचे, तेही चहा पाजून. बाहेर आल्यावर बाई मला एवढंच सांगायच्या, "चहा चांगला होता."

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद, कधी नुसतीच अफवा. एका सकाळी तास चालू असताना खाली आरडाओरडा झाला, खिडकीची काच फुटली आणि सगळा वर्ग जिन्याकडं धावला. त्या लोंढ्यात बाईही वाहून गेल्या. मी बाकावर तशीच. काठी कुणाच्या तरी लाथेनं लांब जाऊन पडलेली. खाली कोण कुणावर धावून आलंय, काही कळत नव्हतं. सगळ्या गावाला पाय आहेत, एवढं मात्र लख्ख कळत होतं.

मग जिन्यावर धापा ऐकू आल्या. लोक खाली पळत होते आणि बाई वर येत होत्या. अंबाडा सुटलेला. त्यांनी काठी उचलून माझ्या हातात दिली. "चल. मी हाय पुढं."

"बाई, अंबाडा सुटलाय. बघू कुठं?"

"मानेकडं बघ गं बाई!"

मानेवर घाम होता आणि मान थरथरत होती. बाईसुद्धा भ्यायल्यात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात खाली परत काहीतरी फुटलं. मी दचकले, आणि रोजच्या ठरल्याप्रमाणं बाईंवर पडले.

मला खरचटलंसुद्धा नाही. बाईंचा उजवा घोटा मोडला.

निरोप कळताच दादा थेट बाईंच्या घरी आले. मी दाराआड उभी. आतून बाई म्हणाल्या, "पडले ती मी, दादा. तुमच्या पोरीला काय झालंय? बघा की, उभी हाय." दादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गेले. पुढच्या खेपेला येताना बाईंसाठी तूरडाळीचं गाठोडं घेऊन आले.

पायाला प्लास्टर घालून बाई कॉलेजात आल्या, त्याच दिवशी वर्ग खाली आला. जाळ्या आणि फुटबॉल वर गेले. बाईंची खुर्ची प्राचार्यांनी स्वतः पुसली. यथावकाश प्लास्टर निघालं, पण बाईंचं लंगडणं काही गेलं नाही. त्यांचा पाय बरा व्हावा म्हणून मी देवाला हात जोडायचे, आणि बरा झाला तर वर्ग परत वर जाईल म्हणून लगेच घाबरायचे. देवही गोंधळला असेल. माझं बी.ए. होईपर्यंत बाई लंगडतच राहिल्या.

शेवटचा पेपर झाला. मला गाडीत बसवून द्यायला बाई एसटी स्टँडवर आल्या. वालूरची गाडी लागली, माणसं तुटून पडली, आणि माझ्या बाई रुमाल हातात धरून धावल्या. चांगल्या तरातरा धावल्या! खिडकीतून सीटवर रुमाल टाकून माझी जागा धरली आणि तशाच झपाझप परत आल्या.

"बाई, पाय!"

"हळू बोल की! पुढल्या साली जिंतूरची एक पोरगी यायलीय. दोन कुबड्यांवर."

गाडी हलली. खिडकीतून पाहते तर समोरून प्राचार्य सायकलवर येत होते, आणि बाई आपल्या ताठ, सरळ चालल्या होत्या. मी काठी खिडकीबाहेर काढून जिवाच्या आकांतानं हलवली. बाईंनी पाहिलं. लगेच लंगडायला लागल्या.

डाव्या पायानं.

वालूर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.