उलट्या सुकाणूची ओड्नी

क्लबातल्या पहिल्याच रविवारी ओड्नी हाल्सविकने अकरा विमानं समुद्रात बुडवली. सगळी पडद्यावरची, खोटी. पण बुडतानाचा आवाज मात्र अगदी खऱ्यासारखा यायचा, आणि तो खोलीतल्या सहाही स्पीकरांतून एकदम यायचा. संध्याकाळपर्यंत ही बातमी बेटभर झाली.

क्लब म्हणजे समाजघराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. सहा खुर्च्या, सहा कॉम्प्युटर, सहा जॉयस्टिक आणि पायाखाली पेडल. दर रविवारी दुपारी सहा जण तिथे बसून जुन्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवत आणि किनाऱ्यापलीकडच्या दुसऱ्या क्लबाशी झुंजत. त्यातला एक जण मुलीकडे ट्रॉन्डहाइम शहरात राहायला गेला आणि सहावी खुर्ची रिकामी झाली. ओड्नी जिना चढून वर आली आणि फळ्यावर सहाव्या जागी स्वतःचं नाव लिहून मोकळी झाली. वय एकाहत्तर. विचारणं वगैरे तिला कधी जमलंच नाही.

नवरा गेल्यावर चौतीस वर्षं ती एकटीने बोट हाकत होती, खेकड्यांचे सापळे टाकत होती. मागच्या हिवाळ्याआधी डॉक्टर म्हणाला, खांदा गेलाय, आता सापळे ओढायचे नाहीत. तेवढं तिने ऐकलंही असतं. पण बोट कागदावर मुलाच्या नावे होती, आणि वेगार्डने आईच्या काळजीपोटी ती परस्पर विकून टाकली.

"आई, खूप केलंस. आता निवांत बस," तो फोनवर म्हणाला.

"निवांत बसायला मी काय मेलेय?" म्हणून तिने फोन आपटला.

नवा मालक बोट न्यायला आला तेव्हा सुकाणूची लाकडी दांडी जागेवर नव्हती. ती कुठे गेली, हे ओड्नीला काही केल्या आठवेना. दांडी तिच्या पलंगाखाली होती. वडिलांनी घडवलेली, हाताच्या घामाने काळी पडलेली. तिला आकाशाचं काही एक पडलेलं नव्हतं. आपल्या हाताने काहीतरी चालवायचं होतं, आणि आता ते या सहाव्या खुर्चीवरच जमणार होतं.

पण हातच वैरी झाला. बोटीची दांडी डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे वळते. हे ओड्नीच्या डोक्यात असतं तर काढून टाकता आलं असतं. ते मनगटात होतं. विमान डावीकडे कललं की ती सावरायला जॉयस्टिकची काठी आणखी डावीकडेच ढकलायची, आणि विमान उताणं होऊन पाण्यात.

"उजवीकडे! उजवीकडे म्हणजे उजवीकडे!" स्टाइनार ओरडायचा. हा क्लबाचा प्रमुख. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाला होता, फक्त शिकवायचा थांबला नव्हता.

"उजवीकडेच वळवतेय!"

"काठी डावीकडे नेऊन?"

"मग काय उजवीकडे नेऊन?"

धप्प. सहा स्पीकर.

"काय गं ओड्नी," स्टाइनार चष्मा पुसत म्हणाला, "मासे धरायला गेलीस का?"

सगळे हसले. तीही हसली असती. पण त्याने फळ्याजवळ जाऊन तिच्या नावापुढे खडूने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. "महिनाभर देतो. एकदा उड्डाण, एक फेरी आणि चाकं न मोडता उतरणं. नाही जमलं तर माझा मेहुणा तयार आहे. तू आमच्यासाठी चहाबरोबर खायला वॉफल भाज. तुझी वॉफल उत्तम होतात."

वॉफलचं नाव काढलं नसतं तर पुढचं सगळं कदाचित घडलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने हालगायरला गाठलं. हालगायर मत्स्यशेतीत पंपांवर काम करायचा. क्लबात सगळ्यांत चांगला उडवायचा आणि सगळ्यांत कमी बोलायचा.

"सेटिंग्जमध्ये एक पान आहे," तो म्हणाला. "प्रत्येक हालचालीपुढे एक चौकोन. त्यात खूण केली की ती हालचाल उलटी होते."

"एवढंच? आणि हे तो शहाणा मला सांगत नाही?"

"त्याच्या मते ती लबाडी आहे. शिवाय नियम आहे, क्लबाच्या जॉयस्टिकची सेटिंग्ज बदलायची नाहीत."

ओड्नी थांबली. "क्लबाच्या जॉयस्टिकची?"

"हं."

"माझ्या जॉयस्टिकची नाही?"

हालगायर त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

तिने स्वतःची जॉयस्टिक आणली. मग पलंगाखालची दांडी काढली आणि टोकाचा वीतभर तुकडा कापायला घेतला. करवत लावताना तिला रडू फुटलं. मग वेगार्डचं 'निवांत बस' आठवलं, राग आला, आणि रागाच्या भरात काम झटपट झालं. हालगायरने तुकड्याला आरपार भोक पाडून त्यातून वायर ओढली, आणि जॉयस्टिकचा खालचा ठोकळा आणि वरची मूठ यांच्यामध्ये तो बसवला. काठी लांब झाली, तशी हाताची हालचालही मोठी आणि सावकाश झाली. सगळं एका फळीला आवळून त्यांनी ते तिच्या दोन गुडघ्यांमध्ये ठेवलं.

हालगायरच्या घरच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून तिने चौकोनात खूण केली. फक्त डाव्या-उजव्या कलण्यापुढे. ओढलं की वर, ढकललं की खाली, यात तिची तक्रार नव्हती. आणि पायांना जुनी खोड नसल्यामुळे पेडलही तसेच राहिले.

"काठी मधे असते तिथे थोडी मोकळी जागा सोड," हालगायर म्हणाला. "हात थरथरला तरी विमानाला कळणार नाही."

"म्हणजे ढील. सुकाणूला असायचीच की."

रोज संध्याकाळी तिने तिथेच सराव केला. महिना संपला त्या रविवारी ती फळी काखोटीला मारून जिना चढली आणि सहाव्या कॉम्प्युटरला जोडून तिने तीच खूण केली. स्टाइनारने फळीकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं, पान उघडून खूणही पाहिली. नियम त्याचाच, त्यामुळे बोलता येईना. मग त्याने आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी बदललं.

"डावीकडून आडवा वारा ठेवलाय. वारा नसताना कोणीही उतरवतं."

"आमच्या वेळी नव्हता ठेवलास," हालगायर म्हणाला.

"असू दे," ओड्नी म्हणाली. "वाऱ्याला काय घाबरायचं?"

तिने इंजिन हळूहळू वाढवलं. विमानाचं नाक डावीकडे ओढ घेऊ लागलं, तिने उजवा पेडल दाबून ते धरलं, शेपटी उचलली गेली आणि विमान वर. एक फेरी, घाई न करता. मग धावपट्टी समोर आली आणि वारा विमानाला ढकलू लागला. ओड्नीने नाक वाऱ्यात, डावीकडे वळवलं.

"नाक पट्टीकडे कर! पट्टी उजवीकडे राहिली!" स्टाइनार ओरडला.

"तू गप्प रे! भरतीच्या ओढीत बोट धक्क्याला आणलीयस कधी?"

विमान खेकड्यासारखं तिरकं तिरकं उतरत होतं, पण येत होतं बरोबर पट्टीच्याच रेषेत. अगदी टेकता टेकता तिने उजवा पेडल दाबून नाक सरळ केलं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं. अख्खं.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. स्टाइनार लाल झाला. "याला उडवणं म्हणत नाहीत. काठी उलटी आहे!"

"वर गेलं की नाही?"

"गेलं, पण..."

"खाली आलं की नाही?"

"अगं, चौकोनात खूण करून कोणीही करेल! ऊठ, मी दाखवतो."

ओड्नी लगेच उठली. "बस. पण उलटं आहे हं."

"मला शिकवू नकोस."

विमान झकास वर गेलं. मग वाऱ्याने डावा पंख किंचित कलला, आणि स्टाइनारच्या मनगटाने तेच केलं जे वीस वर्षं करत आलं होतं: काठी उजवीकडे. पंख आणखी कलला. त्याने काठी आणखी जोरात उजवीकडे दाबली.

धप्प. सहा स्पीकर.

सगळे ओड्नीकडे बघू लागले. तिने सावकाश खांदा चोळला.

"काय रे स्टाइनार," ती म्हणाली, "मासे धरायला गेलास का?"

स्टाइनारने त्या काळ्या लाकडावरचा हात काढला. मग उठून फळ्याजवळ गेला आणि तिच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह त्याने बाहीने पुसून टाकलं. परत येऊन तो सवयीने त्याच खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, काही सूचना द्यायच्या बेतात.

"बाजूला हो," ओड्नी म्हणाली. "खुर्ची माझी आहे."