संत्र्याची साल

सौंसरच्या आमच्या शाळेतले कारकून बाबू जंगलात कधी वाट चुकत नसत, आणि हे ते दर दहा पावलांवर सांगत. प्रत्येक फाट्यावर थांबून एक संत्रं खायचं आणि आलो त्या वाटेवर साल ठेवून वर दगड ठेवायचा, ही त्यांची रीत. "पोट बी भरून राहिलं अन् नकाशा बी बनून राहिला, मास्तर!"

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही शिक्षक त्यांच्यामागून कड्यावर निघालो. हेडमास्तर वाटभर त्यांचंच कौतुक करत होते. मला ते सोसेना. मी मुद्दाम मागे राहिलो आणि एका फाट्यावरची साल दगडासकट उचलून दुसऱ्याच वाटेवर ठेवली.

परतताना बाबू सालीच्या भरवशावर वळले. दोन तास आम्ही सागवानात भटकलो, शेवटची बस गेली.

"तुमच्या नादी लागलो अन् फसलो," हेडमास्तर कडाडले.

"चुकलो साहेब. वय झालं माहं."

साल हलवल्याचं मी तेव्हा कबूल केलं नाही. ते आज लिहून टाकतो.

सडकेवर पोचल्यावर बाबूंनी उरलेलं संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं.

"खा मास्तर," ते म्हणाले, आणि साल स्वतःच्या खिशात घातली. "हे मात्र माह्यापाशीच राहू द्या."