सीटवरचा पेपर

तपासणारा गाडीत बसणारच होता. एक पाय आतही टाकला होता. मग थांबला. पाय बाहेर काढला, टेबलावर पडलेला जुना पेपर उचलला, त्याची पानं वेगळी केली आणि माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर नीट अंथरली. पाठ टेकायच्या जागी आणखी एक पान लावलं. ते घसरलं तर परत लावलं. मग बसला.

"चल," म्हणाला.

मी गाडी सुरू केली.

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या अंगाची लाही लाही होते. तसं काही होत नाही. हात गिअरवर असतो, पाय क्लचवर असतो, समोर ट्रक असतो. ट्रककडे पाहावं लागतं. मी ट्रककडे पाहत होतो आणि बाजूला तो हलला की पेपर वाजत होता.

चंद्रपूरच्या बाहेर, बल्लारपूर रोडला, टिनाच्या शेडमध्ये हे तपासणीचं सेंटर आहे. लोक मोबाईलवरून गाडी बोलावतात ना, त्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचं तर कंपनी आधी गाडी तपासून घेते. टायर किती झिजले, ब्रेक लागतो का, इंडिकेटर, एसी, सीटबेल्ट, स्टेपनी. चारही बाजूंनी फोटो. शेवटी तपासणारा बाजूच्या सीटवर बसतो आणि आपण गाडी चालवून दाखवायची. त्याने त्याच्या मोबाईलवर पास दाबलं की आपलं काम सुरू.

मला ते पास पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

त्याच्या आधी मी आलापल्लीला एका लाकडाच्या ठेकेदाराची गाडी चालवत होतो. सगळी जवानी त्याच गाडीत गेली. त्याच्या घरी माझा चहाचा ग्लास वेगळा, खिडकीत. चहा पिऊन, धुऊन, तिथेच पालथा घालायचा. साहेब वाईट नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो. दिवाळीला कपडे द्यायचा. ग्लासाचं मी कोणाला सांगत नव्हतो, कारण ते सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात येत नव्हतं. अंगवळणी पडलं की दुखत नाही. पण त्याला मी सांगून आलो होतो, आता आपली गाडी, आपला धंदा. त्याने लगेच दुसरा ड्रायव्हर ठेवला. जुनी गाडी मी फायनान्सवर उचलली, टॅक्सीची पिवळी पाटी लावून घेतली, आरटीओच्या चकरा मारल्या. मागचे दोर कापलेले. आता ही तपासणी झाली नाही तर घरासमोर बंद गाडी आणि दारात फायनान्सवाला.

सकाळी आलो तेव्हा तपासणारा मला भाऊ म्हणत होता. पंचविशीचा असेल. कंपनीचा टी-शर्ट, बारीक दाढी, बोलायला गोड. "या भाऊ, लावा इथी गाडी. बसा, पाणी घ्या." माझ्या आधी एका शेतकऱ्याची गाडी होती. मागच्या सीटवर सोयाबीनचा भुसा, खाली मातीच माती. हा सरळ दार उघडून बसला, फेरी मारून आला, उतरून पँट झटकली आणि त्याला पास देऊन टाकलं. दोघं हसत होते.

मग माझा नंबर. त्याने गाडीची आरसी हातात घेतली. आडनाव वाचलं. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून नक्की काही कळत नाही. इकडेही असतं, तिकडेही असतं. तेव्हा आमच्या भागात लोक जात विचारत नाहीत. ते असभ्य दिसतं. लोक गाव विचारतात.

"गाव कोन्तं भाऊ?"

"कुरखेड्याच्या जवळ."

"अच्छा, अच्छा. आमचे पाहुणे आहेत तिकडे. गावात घर कोन्या बाजूले?"

कोन्या बाजूले. एवढंच विचारायचं असतं. देवळाच्या बाजूला की टोकाला, हे एकदा कळलं की माणसाचं सगळं कळलं.

"टोकाले," मी म्हणालो. "विहाराजवळ."

"हां," तो म्हणाला. आरसी परत देताना त्याने ती माझ्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली. त्यानंतर भाऊ गेला, तुम्ही गेलं. टायर पाहताना तू झालो. डिकी उघडताना बे झालो. वयाने त्याच्या काकाएवढा मी. आणि मग तो पेपर.

मी गॅरेजात काम केलेलं आहे. गॅरेजवाले पेपर टाकतात, मला माहीत आहे. पायाखाली टाकतात, मॅटवर. आपल्या पायाचं ग्रीस गिऱ्हाइकाच्या गाडीला लागू नये म्हणून. फेरीत मी स्वतःला तेच समजावत होतो. याचे हात काळे असतील. नव्हते. पँटला तेल असेल. नव्हतं. पेपर माझ्या सीटसाठी नव्हता, त्याच्या पँटसाठी होता. हे मला पहिल्याच क्षणी कळलं होतं. तरी मी त्याच्यासाठी कारणं शोधत होतो, त्याची वकिली करत होतो, फुकटात.

रेल्वे फाटकाजवळून वळलो तेव्हा त्याने नाक वर केलं.

"कायचा वास येते बे?"

"मोहाचा."

आदल्या दिवशी मी मायला गावाहून आणलं होतं. तिच्यासोबत मोहफुलांचं पोतं. आमच्याकडे चैत्रात घराघरात मोहफुलं वाळत असतात. बाया पहाटे टोपली घेऊन जंगलात जातात, फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. शिजवून खातात, विकतात, लेकीला पाठवतात. हे पोतं बल्लारपूरच्या बहिणीसाठी होतं. तपासणीसाठी पोतं सकाळी घरी उतरवलं होतं, पण वास डिकीत राहिला होता. मला तो चांगला वाटतो. खरं म्हणजे माझ्या लक्षातही आला नव्हता.

"म्हणजे दारूचा," तो म्हणाला.

"दारू नाई. फुलं. वाळलेले."

"एकच ना ते. तुमच्या लोकायचं असंच राह्यते. गाडी घेता, पण गाडी कशी ठेवाव ते समजत नाई. कस्टमर बसल का याच्यात?"

मी गिअर बदलला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तोही नव्हता तो. कोणी तोंड दाबलं नव्हतं. माझं तोंड मीच बंद ठेवलं होतं, कारण मला पास पाहिजे होतं.

शेडमध्ये आल्यावर तो उतरला. पेपर तिथेच राहिला, त्याच्या बसण्याचा आकार घेऊन. "जा, धुवून आण पुरी. सीटबीट सगळं. दुपारून पाहू," म्हणाला आणि नळावर हात धुवायला गेला. साबण लावून.

माय सेंटरच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसली होती. तिला तपासणी झाल्यावर बहिणीकडे सोडायचं होतं. मी गाडी थांबवली, दार आतून उघडलं. पेपर काढायचं माझ्या लक्षातच आलं नाही, की काढायला हात धजला नाही, कोण जाणे.

मायने तो पेपर पाहिला. वाकून दोन्ही हातांनी सारखा केला. चुरगळलेला कोपरा सरळ केला. मग लुगडं आवरून त्याच्यावर बसली. कडेकडेने, अर्ध्या सीटवर.

"बरं केलं बाबू, पेपर टाकला तं," ती म्हणाली. "माही धूळ लागली असती तुह्या सीटले."

तिला वाटलं मी टाकला. तिच्यासाठी.

मी गाडी पुढे काढली. गाड्या धुवायचं ठिकाण पुढे पेट्रोल पंपाजवळ होतं.

"झालं का मंग?"

"नाई. धुवून आण म्हणते. मोहाचा वास येते म्हणते."

मायने मागे वळून डिकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माहीच चूक झाली. मोहं आणाले नाई पाह्यजे होते."

"माय, तू असी काऊन बसली?"

"कसी?"

"कडेले. पेपरावर."

"असीच बसतो ना मी." तिला प्रश्नच कळला नाही. "बैलबंडीत बसाचं तं खाली पोतं टाकून बसाचं. ट्रॅक्टर आला तं ट्रॅक्टरात पोतं. उतरलं का आपलं पोतं आपण उचलून न्याचं. पह्यलेपासून."

"कोणी सांगतलं?"

"सांगा लागते का?"

तिने हे अगदी सहज सांगितलं. रागाने नाही, रडून नाही. भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तसं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. साहेब वाईट नव्हता. दिवाळीला कपडे द्यायचा. मी ग्लास पालथा घालायला शिकलो तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

पेट्रोल पंप आला. मी वळलो नाही. थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. ऊन असं की टपाला हात लावता येत नव्हता. मी मायच्या बाजूला गेलो, दार उघडलं.

"माय, उठ जरा."

ती घाबरून उतरली. मी पेपर काढला, पाठीचाही काढला, चुरगाळून नालीत फेकला.

"बस आता."

ती सीटकडे पाहत राहिली. पदराने सीट पुसायला लागली. मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला. मला राग आला होता, खूप राग, आणि तो चुकीच्या माणसाच्या मनगटावर निघत होता. मी हात सोडला. ती बसली. तरी कडेलाच बसली.

मी गाडी फिरवली.

सेंटरला बाकावर ड्रायव्हर बसलेले होते, आपापल्या नंबरची वाट पाहत. मी गाडी मधोमध लावली. त्याला पाहून माय न सांगता उतरली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"इतक्या लवकर धुतली?"

"नाई धुतली. तपासा."

"काऊन नाई धुतली?"

"माह्या आधीची धुतली होती का?"

तो हसला. बाकाकडे पाहून हसला, कोणी सोबत हसतं का म्हणून. मग टेबलाकडे वळला आणि परत पेपर उचलला. रागाने नाही. सवयीने.

"पेपर नाई," मी म्हणालो.

"काय?"

"पेपर न टाकता बसा. नाई तं बसू नका."

"अबे, माहे कपडे खराब—"

"त्या सोयाबीनवाल्याच्या गाडीत नाई झाले?"

"त्याची गोष्ट अलग आहे."

"काऊन अलग? सांगा. हे सगळे बसले आहेत, त्यायच्यासमोर सांगा."

त्याने पेपर या हातातून त्या हातात घेतला. ही एक गंमत आहे त्या लोकांची. करतील, पण शब्द तोंडातून काढणार नाहीत. शब्द काढला की कायदा लागतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्याचा चेहरा लाल झाला. मोबाईल काढला.

"रिजेक्ट मारून देईन."

"मारा. पण खरं कारण लिहा. सीटवर बसाले किळस वाटते, असं लिहा."

त्याने दाबलं. माझा मोबाईल वाजला. गाडी अपात्र. कारण, अस्वच्छता. बाकावरचं कोणीही उठलं नाही. एकजण मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, एकजण आपली चप्पल पाहत होता. मी मायला हाक मारली, तिच्यासाठी दार उघडलं.

गाडी काढली तर फाटकापर्यंत त्यातला एक मागे आला. चप्पल पाहणारा. खिडकीजवळ वाकून हळूच म्हणाला, "भाऊ, नागपूरले करून घे ना. तिथी कोणी गाव पुसत नाई. पंधरा मिनिटात पास." मनापासून सांगत होता. चांगला माणूस असेल.

मी रस्ताभर त्याचा विचार केला. खरंच होतं त्याचं. नागपूर कुठे लांब आहे. बहिणीकडे पोचलो, मायने पाणी प्यायलं, आणि मी ओसरीवर बसून कंपनीचं ॲप उघडलं. पुन्हा तपासणी मागता येते. सेंटर आपण निवडायचं. नागपूर होतं. चंद्रपूर होतं. नागपूरला मला पास मिळाला असता. तिथे मी कोण हे कोणाला कळलं नसतं, आणि मी तेच कमवून परत आलो असतो, कोणाला न कळणं.

मी चंद्रपूर निवडलं. तेच शेड, तोच माणूस.

मायला सांगितलं, तू येशील सोबत. ती म्हणाली, "मी कायले? माह्यानं तुहं बिघडते." मी म्हणालो, तू पुढच्या सीटवर बसशील. पुरी, पाठ टेकून. खाली काही नाही. तो आला तरी उतरायचं नाही.

त्याला गाडी तपासायची असेल तर तिच्यापाशी येऊन म्हणावं लागेल, बाई, जरा उतरता का. मग ती उतरेल. मग तो तिच्या जागेवर बसेल. आणि नाही बसला, तर मी गाडी शेडच्या मधून हलवणार नाही. मागे कितीही गाड्या लागू देत.