चार दुपारी

किळस हा शब्द मी सहसा वापरत नाही. चष्म्याच्या काचा घासायचा माझा धंदा. लोकांचे चष्मे घाम, पावडर आणि कानामागचा मळ घेऊन माझ्या हातात येतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या रविवारी माझ्याच दुकानाच्या माडीवर, माझ्याच खुर्चीत बसून मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. आणि ती सगळी दुसऱ्यांची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

माडीवर आमचं कवी मंडळ भरतं. मंडळ म्हणजे पाच डोकी. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, बँकेतल्या कॅशियरबाई, घड्याळं दुरुस्त करणारा एक जण, मी, आणि लाँड्रीताई. ती मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. रक्ताच्या चादरी वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या, ऑपरेशनच्या हिरव्या वेगळ्या. गरम रोलरमध्ये चादर सरकवताना चटके बसून दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग पडलेले. कविता लिहायची ती गाठोड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. आम्हा सगळ्यांत खरी कविता तिलाच यायची, आणि हे आम्ही चौघांनी तिला कधी कळू दिलं नाही.

मंडळाचा एक नियम आहे. सरांनी घालून दिलेला, आणि आम्ही तो मोठ्या अभिमानानं पाळतो. कवीनं कविता वाचायची, कागद फिरवायचा, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. प्रत्येकानं पेन्सिलनं एक ओळ खोडायची. जो खोडत नाही त्यानं कविता नीट वाचलीच नाही असं समजायचं. बिनडोकपणा आहे, पण बारा वर्षं चाललाय.

तिची ती कविता सासूवर होती. सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सकाळी शेजारीण बघायची. दोननंतर सगळं हिच्यावर. दर दोन तासांनी म्हातारीला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखम पडते. ही गजर लावून वळवायची. आणि कवितेत एक ओळ होती: चार दुपारी मी गजर बंद केला आणि झोपले.

पुढचं कवितेत नव्हतं: जखम पडली. पाठीवर, कंबरेशी, तळहाताएवढी. नणंद आईला भेटायला आली, कपडे बदलताना तिनं ती बघितली आणि विचारलं, हे कधी झालं? ही म्हणाली, कालपर्यंत नव्हतं. पुढच्या आठवड्यात म्हातारी गेली. नणंद त्यानंतर सहा वर्षं त्या घराची पायरी चढली नाही. तोंडानं सांगायची हिंमत होईना, म्हणून लाँड्रीताईनं कविता लिहिली होती. नणंदेनं वाचावी, एवढ्यासाठीच.

कागद फिरला. सरांनी एक ओळ खोडली, कॅशियरबाईंनी एक, घड्याळवाल्यानं एक. माझ्यापर्यंत येईस्तोवर सोप्या ओळी संपल्या होत्या. मी गजराची खोडली. लय अडखळते, म्हणालो. लय कसली अडखळतेय, मला खाली गिऱ्हाईक आलेलं दिसलं होतं आणि फेरी उरकायची होती. सर म्हणाले, "बरं केलंत, त्या ओळीनं बाईबद्दल वाईट मत होत होतं." तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढं मंडळाच्या संग्रहात कविता खोडली होती तशीच छापली गेली. उरली काय, तर सासूला प्रेमानं वळवणारी सून.

आता सरांचा भाचा. लग्नाचे व्हिडिओ काढतो, आणि आपण कलावंत आहोत असा त्याला दाट संशय आहे. संग्रहातून त्यानं ही कविता उचलली आणि बारा मिनिटांचा सिनेमा केला. लाँड्रीताईनं त्याला फोनवर सगळं सांगितलं, गजराचं, जखमेचं, नणंदेचं. "सगळं घेतलंय काकू, बघाच तुम्ही," तो म्हणाला. रविवारी माडीवर सिनेमा दाखवायचं ठरलं, आणि त्याच्या शब्दाच्या भरवशावर तिनं नणंदेला फोन केला. सहा वर्षांनी. म्हणाली, एकदा ये, मला जे सांगायचं होतं ते तिथं आहे.

नणंद आली. शाळांचे गणवेश शिवणारी बाई, बोटावर शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. वहिनीकडं बघितलं नाही. लाँड्रीताईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर सिनेमा सुरू झाला. पांढरीशुभ्र खोली. खिडकीचे पडदे उगाच हलतायत. सून म्हणजे कुणी विशीतली पोरगी, केस मोकळे, हातावर चटका सोडा, ओरखडा नाही. म्हातारीला वळवते तर म्हातारी हसते. तीन वर्षं अंथरुणात पडलेलं माणूस, आणि चादरीवर एक डाग नाही. शेवटी म्हातारी थरथरत्या बोटानं सुनेचे अश्रू पुसते आणि व्हायोलिन सुटतं ते थांबायचं नाव घेत नाही. पुढं आभारांची यादी. त्यात माझ्या दुकानाचंही नाव होतं, मेलं.

फेरी सुरू झाली. सर म्हणाले, शब्दांना देह मिळाला. कॅशियरबाईंनी डोळे टिपले आणि टिपता टिपता भाच्याला विचारलं, माझी नदीवरची कविता वाचलीत का, तिच्यात खूप दृश्यं आहेत. घड्याळवाल्याला पडद्यांमध्ये काळाचं प्रतीक दिसलं. त्याची पाच मिनिटांची कविता तयारच होती, म्हणे, कुणी करणार असेल तर. लाळ गळत होती नुसती. मग माझी पाळी आली. मी काय बोललो असेन? "प्रकाशयोजना छान आहे." मलाही एक संग्रह काढायचा होता ना.

लाँड्रीताईनं तोंड उघडलं, तर सरांनी हात वर केला. "कवीनं मध्ये नाही. पाहुण्या राहिल्यात अजून."

नणंद म्हणाली, "आईच्या पाठीवरची जखम कुठंय यात?"

भाचा गोंधळला. "ते कवितेत नव्हतं हो." संग्रह काढून त्यानं पान उघडून दिलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, ओळीवर अंगुस्तानाचं बोट फिरवत, शेवटापर्यंत. मग पुस्तक खुर्चीवर ठेवलं.

"वहिनी, हे ऐकवायला बोलावलंत मला? तेव्हा माझ्या एकटीशी खोटं बोललात. आता छापून, सिनेमा काढून."

"मी गजर बंद केला," लाँड्रीताई म्हणाली. सरांचा हात अजून वरच होता. "चार दुपारी. बंद पडला नाही, मी केला. दोन ते सात झोपले. त्या हाक मारत होत्या, मला ऐकू येत होतं. मी उशी कानावर घेतली. चौथ्या दिवशी वळवलं तर चादर पाठीला चिकटलेली. मला माझी इतकी घाण वाटली की ती चादर मी आपल्या घरी नाही धुतली, हॉस्पिटलच्या गाठोड्यात कोंबली. आणि तुला म्हणाले कालपर्यंत नव्हतं."

नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता.

"वा," सर हळूच म्हणाले. "हे कवितेत यायला हवं होतं."

"काकू, एक मिनिट," भाच्यानं मोबाइल काढला होता. "उशीपासून परत म्हणाल? खिडकीकडं तोंड करून, उजेड बरा आहे."

कॅशियरबाईंनी चक्क आपली खुर्ची बाजूला सरकवली, मध्ये येऊ नये म्हणून. मला वाटलं आता खरंच ओकारी होईल. नणंदेनं पिशवी खांद्याला लावली, लाँड्रीताईचं मनगट धरलं, ओढलंच म्हणा ना, आणि दोघी जिना उतरल्या.

मी मागोमाग गेलो. दुकानाच्या बंद शटरसमोर दोघी उभ्या होत्या. नणंद रडत होती, आणि मधूनमधून वहिनीच्या खांद्यावर मुठी मारत होती, लहान पोरीसारख्या. लाँड्रीताई मारून घेत होती.

"ती ओळ मी खोडली," मी म्हणालो. "यांनी लिहिली होती. चूक माझी आहे."

लाँड्रीताईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, हे मला जास्त लागलं.

"माहीत आहे मला. समोरच तर बसले होते. तुम्ही खोडलीत आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं. घरी जाऊन पुन्हा लिहिता आली असती, कोण अडवणार होतं? नाही लिहिली."

मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत आपण ती ओळ परत घालू.

नणंदेनं पदरानं नाक पुसलं.

"तुम्ही वर जा," ती म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."