बहिऱ्या मांजराला हाका

ह्या सदरात लिहिणाऱ्या बहुतेकांना काही ना काही दिसलेलं असतं. मला काहीच दिसलेलं नाही. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. मग लिहिता कशाला, असं कोणी विचारलं तर एवढंच सांगते — घडलं म्हणून लिहिते. पाच-सहा वर्षं घडत होतं, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. धुळ्याचं सासर मी सोडलं होतं. का सोडलं ते इथे लिहिणार नाही. जळगावात एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी मिळाली आणि पिंप्राळ्यात एका रिटायर्ड गृहस्थांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यांना सगळी कॉलनी नाना म्हणायची. एकट्या बाईला खोली दिली म्हणजे आपण केवढं मोठं काम केलं असं नानांना वाटे, आणि ते मला अधूनमधून ऐकवतही.

सरकी मला फॅक्टरीतच मिळाली. कापसातून निघालेल्या सरकीच्या ढिगात एक मांजर व्याली होती, त्यातलं एकच पिल्लू उरलं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं. हमालांनी त्याच्या मागे डबा वाजवला तरी ढिम्म. ठार बहिरं. आवारात दिवसभर ट्रक आणि ट्रॅक्टर... दोन दिवस टिकलं नसतं. पिशवीत घालून घरी आणलं आणि नाव सरकीच ठेवलं.

बहिरं जनावर बाहेर सोडायची सोयच नव्हती. त्यामुळे ती चोवीस तास घरात. पहिले सहा महिने मजेत गेले, मग बिघडली. मी सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. तिने पोटावरचे केस चाटून चाटून काढले, कातडी गुलाबी दिसायला लागली. मी आले की पोटरीवर झडप घालायची. नंतर तेही थांबलं. नुसती खाटेखाली पडून.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे गाई-म्हशी, बैल. मांजर घेऊन आलेल्या बाईकडे बघून लोक हसत होते. डॉक्टर हसले नाहीत. तपासून म्हणाले, “हिला रोग नाही बाई, हिला काम नाही. कोंडून ठेवायचंय ना? मग घरात शिकार करू द्या.”

त्यांनी नीट समजावून सांगितलं. खाणं वाटीत द्यायचं नाही, लपवून ठेवायचं. जेवणाआधी दहा मिनिटं खेळवून दमवायचं. चढायला उंच जागा आणि बाहेर बघायला खिडकी पाहिजे. आणि खेळणी आलटूनपालटून, रोज तेच नको.

मी हट्टाला पेटले. भिंतीला फळ्या ठोकून माळ्यापर्यंत पायऱ्या केल्या. किराणावाल्याकडून पुठ्ठ्याची खोकी आणून त्यांना भोकं पाडली, आत सुकटाचे तुकडे. जुन्या साडीच्या काठाची दोरी करून तिला कापसाचा बोंडाएवढा गोळा बांधला आणि खिडकीच्या वरच्या गजाला लटकवला. संध्याकाळी अंधार करून भिंतीवर टॉर्च फिरवायची, ती उड्या मारायची. बोलवायचं असेल तेव्हा फरशीवर पाय आपटायची, हादरा बसला की ती वळून बघे. तोंडाने मी तिला कधीच हाक मारली नाही. उपयोगच काय?

समोर अक्का राहायच्या. धुळ्याकडच्या, विधवा, दिवसभर ओट्यावर पापड लाटणाऱ्या. कॉलनीत कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना ठाऊक. मी भिंतीला फळ्या ठोकल्या ते त्यांनीच सगळीकडे सांगितलं. नवऱ्याचं घर सांभाळता आलं नाही आणि मांजराचे लाड चाललेत, हे वाक्य फिरून माझ्यापर्यंत आलं. म्हटलं, येऊ दे.

महिनाभरात सरकीच्या पोटावर बारीक लव आली. आणि त्याच सुमाराला ते सुरू झालं.

गोळा सरकी रोज ओढून पाडायची. दोरीसकट खाटेखाली सापडायचा, मी सकाळी परत बांधायची. एक दिवस संध्याकाळी आले तर गोळा गजाला लटकलेला. वाटलं, आज पाडलाच नाही. जवळ जाऊन बघितलं. मी साधी गाठ मारते. ही गाठ दुहेरी होती, दोरीचं टोक आत खोचलेलं. बैल बांधताना मारतात तशी.

पहिला संशय नानांवर. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. भांडले नाही, गुपचूप नवीन कुलूप आणलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. चौथ्या दिवशी पुन्हा तीच गाठ. खोकी मी उघडी टाकून गेले होते, ती झाकणं मिटून ओळीत लावलेली. खिडकीला लोखंडी जाळी, मागे दार नाही. सरकी मात्र फळीवर ताणून झोपलेली, दमलेली, तृप्त. मी तिच्याशेजारी खाली बसले. अंगाला घाम फुटला होता, नाही म्हणत नाही. पण पोटावरचे तिचे केस वाढत होते, तेही मला दिसत होतं.

कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, कारण बाहेर वेगळंच शिजत होतं. दुपारी माझ्या कुलूपबंद घरातून आवाज येतो, कोणीतरी चुचकारतं, “ये, ये,” म्हणतं. एकट्या बाईच्या घरात दुपारी कोणी आहे म्हणजे कोण असणार? बाई बाहेरून कुलूप लावते आणि आत माणूस ठेवते, असं कॉलनीने ठरवून टाकलं. नानांनी धुळ्याला माझ्या भावाला पत्र लिहिलं.

दादा शनिवारी आला. आमची शनिवारी अर्धी सुट्टी. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तर दारासमोर नाना, दादा, अक्का आणि आणखी चार-पाच जण उभे. दादाने मला बोटाने गप्प राहायची खूण केली.

मीही ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा. आतून जिभेचं च्-च्, मग हळू आवाजात, “ये... ये की,” आणि लगेच फळीवरून उडी मारल्याचा धप्प आवाज, फरशीवर नखं घासल्याचा. पुन्हा च्-च्. दादा नंतर म्हणाला, पुरुषाचा आवाज होता. मला बाईचा वाटला.

दादाचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, “किल्ली दे.”

मी दिली नाही. म्हटलं, माझं घर आहे, मी उघडते. किल्ली दोनदा खाली पडली. दार ढकललं. दादा आणि नाना मला बाजूला सारून आत घुसले. खाटेखाली बघितलं, माळा बघितला, मोरी बघितली, कपाट उघडून माझे कपडे खाली काढले. कोणी नाही. खोलीच्या मध्ये सरकी मान वर करून बसलेली, आणि गोळा अजून हलत होता.

नाना म्हणाले की हे बरं नाही, मांजराला बाहेर काढा, ओळखीचा भगत आहे, त्याला आणतो. दादा म्हणाला, सामान बांध, धुळ्याला चल, मी तुझ्या सासरी बोलतो.

इतके दिवस मी गप्प होते, तेव्हा बोलले. “आत माणूस आहे म्हणून आलात. नाही सापडला. आता मांजराला काढता? मी जाणार नाही, तीही जाणार नाही. ज्याला शंका असेल त्याने उद्या दुपारभर इथे बसावं. मी बाहेरून कुलूप लावीन.”

नाना दाराकडे बघायला लागले. दादा बुटाची लेस बांधत बसला. अक्का म्हणाल्या, मी बसते.

मला वाटलं, तमाशा बघायला बसणार. रविवारी बारा वाजता त्या पापडाचं पीठ घेऊनच आत गेल्या. मी कुलूप लावलं आणि त्यांच्याच ओट्यावर दादाशेजारी जाऊन बसले. तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं कुलुपाकडे बघत बसलो. मध्ये एकदा ते च्-च् ऐकू आलं. दादाने मान खाली घातली.

दार उघडलं तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. पिठाला हात लावलेला नव्हता. घाबरलेल्या दिसत नव्हत्या, पण रोजच्याही दिसत नव्हत्या. मी पाणी दिलं. निम्मं प्यायल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुन्हा घरमा कोनी मानूस नही शे. मी बठ्ठं दखं.” मग हळूच, “पहिले मांजर दखस, मंग आवाज येस.”

म्हणजे घरात माणूस नाही, त्यांनी सगळं बघितलं; आणि मांजर आधी बघते, आवाज मागून येतो. बहिरी मांजर. ती हाकेला वळतच नव्हती, हाक येण्याआधी वळत होती. हे मी कित्येक वर्षं मनात घोळवलं, मला उलगडा झाला नाही. अक्कांना पुढे दहा वेळा विचारलं, आत आणखी काय झालं? त्या पापड लाटत राहायच्या.

पण त्या दिवशी संध्याकाळी त्या नानांच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि चार लोकांदेखत म्हणाल्या की मी आत बसून आले आहे, ही बाई चांगली आहे, आणि भगत आणायचा असेल तर आधी माझ्याशी बोला. ज्या तोंडाने कॉलनीत माझी बदनामी फिरली, त्याच तोंडाने ती थांबली. मी त्यांचे आभार मानले नाहीत. त्यांनीही माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकीसाठी दुधाची साय पाठवली.

दादा रात्रीच्या एसटीने एकटाच परत गेला. सासरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मी त्या घरात आणखी पाच वर्षं राहिले. सगळं तसंच चालू होतं. गाठ दिसली की मी सोडत नसे, राहू दे म्हणायची. भगत नाही, शांत नाही, लिंबू-मिरची नाही. पुढे नोकरीच्या ठिकाणाजवळ लहानसं स्वतःचं घर झालं, आम्ही दोघी तिकडे गेलो. तिथे कसलाही आवाज आला नाही. सरकी आठवडाभर दुपारी खोलीच्या मध्ये मान वर करून बसे. मी रजा घेऊन घरी होते, म्हणून मला कळलं. मग सोडून दिलं तिने. तेरा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत अंगावर केस दाट होते.

वारा असेल, उंदीर असेल, कोणाचा तरी रेडिओ असेल — सगळं ऐकून झालंय माझं. असेलही. वारा दुहेरी गाठ कशी मारतो ते मला कोणी दाखवलेलं नाही. कोण होतं, कशासाठी येत होतं, मला माहीत नाही. मी घराबाहेर असताना कोणीतरी माझ्या मांजराला खेळवत होतं, एवढंच सांगू शकते. तुम्हाला पटलं नाही तर माझी काही हरकत नाही.