हारून शिकणारा कॉम्प्युटर

यवतमाळकडची कापूस खरेदी केंद्रं एकेक करून बंद पडत होती, त्या वर्षी श्रीकृष्णराव ग्रेडर मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसले. तीस वर्षं त्यांनी चिमटीत कापूस ओढून धागा जोखला होता, मालाची ग्रेड ठरवली होती. आता जोखायला स्वयंपाकघर उरलं. वरणात मीठ किती, पोळीला पदर किती. करायला मात्र चहासुद्धा येत नसे.

रत्नप्रभाबाईंना लेकीच्या, आभाच्या बाळंतपणाला महिनाभर पुण्याला जायचं होतं.

"कुकर लावणं तरी शिकून घ्या," त्या नवऱ्याला म्हणत.

"या वयात मले नवं शिकणं होत नाही."

दिवाळीत मुलानं, अनिमेषनं, घरच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा प्रोग्राम घालून दिला. हा हरलेल्या डावांतून शिकतो, म्हणाला. श्रीकृष्णराव हसले. "हारला की माणूस चिडते. शिकते कोण?"

"हा शिकला तं तुमीबी शिकसान?" रत्नप्रभाबाईंनी तिथंच पकडलं.

"शिकीन."

तपासणी चोख हवी, म्हणून रोज दहाला ते तोच डाव मांडत. आमिषाला एक प्यादं पुढे करत. कॉम्प्युटर ते खाई आणि पाच चालींत वजीर घालवून बसे. दहा दिवसांत दहा वजीर, सगळे वहीत टिपलेले.

"तुझा कॉम्प्युटर माह्यापेक्षा ढ आहे," ते खुशीत बायकोला म्हणाले.

अकराव्या दिवशी रत्नप्रभाबाई तुरीच्या शेंगा घेऊन शेजारीच बसल्या. नवरा जिंकला, चष्मा पुसला, वही काढली, जिंकलेला डाव न्याहाळत राहिला. अकराला लोडशेडिंग. पडदा काळा.

"अहो, हे बंद कधी करता?"

"कायले करू? लाईट जातेच ना."

"अनिमेष सांगून गेला, नीट बंद केलं तवाच त्याच्या ध्यानात राह्यते म्हणून! विरजण लावल्याबरोबर भांडं उपडं केलं तं दही लागन काय?"

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा हरला, तसा पावणेअकरालाच रत्नप्रभाबाईंनी शेजारी उभं राहून तो नीट बंद करवला.

त्याच्या पुढच्या दिवशी प्यादं पुढे गेलं. कॉम्प्युटरनं त्याला तोंड लावलं नाही, घोडा काढला. श्रीकृष्णरावांनी आणखी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी स्वतःच हरले. घरात कुणाला कळलं नसतं. पण तीस वर्षांत त्यांनी चुकीची ग्रेड दिली नव्हती. वहीत लिहिलं, 'शिकला', आणि वही बायकोपुढे धरली.

त्याच दुपारी त्यांनी कुकर लावला. भात तळाला करपला. कुकर खाली उतरवून, घास चाखून त्यांनी नव्या पानावर नोंद केली : 'डाव पहिला. पाणी कमी. हार.'

माळ्यावरून बॅग काढता काढता रत्नप्रभाबाई ओरडल्या, "लिहिणं मंग करा, आधी गॅस बंद करा!"